बत्तीस डोक्यांचा कूलर

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये भर जानेवारीत कूलर चालू आहे, असं नव्या माणसाला वाटतं. आवाजच तसा येतो, दाराबाहेरपर्यंत, घूंऽऽ करत. पण तो कूलर नाही, कॉम्प्युटर आहे. एका कंपनीने नवीन मशीन घेतलं आणि जुनं आमच्या शाळेला देऊन टाकलं. दोघांनी मिळून उचलावं लागलं इतकं जड, आणि आत बत्तीस कोर. कोर म्हणजे डोकी समजा. घरच्या कॉम्प्युटरला चार-आठ डोकी असतात, याला बत्तीस. पण स्क्रीन नाही, माउस नाही, काहीच नाही. अशा मशीनला सर्वर म्हणतात आणि त्याच्यासमोर कोणी बसत नाही. ते बिचारं कुठल्यातरी थंड खोलीत एकटं पडून असतं आणि दूरदूरच्या लोकांची कामं उपसत राहतं.

आमच्याकडे येऊन त्याचं नशीब पालटलं. श्वेता मॅडम आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी लॅबमधल्या मेलेल्या कॉम्प्युटरांचे वीस स्क्रीन वायरीने या कूलरला जोडले. आता प्रत्येक स्क्रीन म्हणजे नुसती खिडकी. टाइप करा, चित्र काढा, गणित सोडवा, विचार करणार तो कूलरच. हे एवढं करून मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि जाताना लॅबची किल्ली माझ्या गळ्यात घालून गेल्या.

मी भूमिका, अकरावी. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला इतकं हळू ‘येस मॅडम’ म्हणायची की वर्गात बसून माझी गैरहजेरी लागायची. किल्ली आल्यापासून माझा आवाज कुठून आला कोणास ठाऊक. आता मी वर्गात बोलते, मैदानावर बोलते, रिक्षात बोलते. आईचं म्हणणं आहे की आधी लोक विचारायचे पोरगी बोलत काहून नाही, आता विचारतात बंद करायचं बटन कुठं आहे. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. घरी आहे ती आईची चक्की, नागपूरच्या लकडगंजात, लाकूड कापायच्या आरामशिनींच्या मागच्या गल्लीत, आणि एक फोन, ज्याच्या काचेवर तड्यांचं जाळं पडलेलं. म्हणजे लॅब गेली तर माझं सगळंच गेलं.

आणि ती जायची वेळ आली होती. कारण झाला एक बैल.

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लहान पोट्टे लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात, चाकांवरचे, दोरीने ओढायचे. माझ्या वर्गातला आयुष असाच एक लाकडी बैल घेऊन कॉम्प्युटरवर फिल्म बनवत होता. बैल दुकानातून पळून जातो, चाकांवर गडगडत सगळं नागपूर पालथं घालतो, असं काहीतरी. तीनच मिनिटांची फिल्म, पण आयुषला बैलाच्या अंगावरची लाकडाची रेघन् रेघ दिसायला हवी होती. असं एकेक चित्र तयार करायला मशीनला खूप डोकं चालवावं लागतं. आयुषने काम लावून दिलं की कूलरची बत्तीसही डोकी बैलाला लागायची.

नेमके तेव्हाच हेडसर लॅब पाहायला आले. आमचे हेडसर म्हणजे महादेवराव बोंदरे. मी त्यांना खुर्ची दिली, म्हटलं सर, टाइप करून पाहा. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट काढलं आणि आपलं नाव टाइप करायला घेतलं. स्क्रीनवर ‘म’ उमटला. मग काहीच नाही. सर पुढची अक्षरं दाबत गेले, ‘व’ पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, जरा जोरात दाबला. आणि एकदम सगळं धो धो येऊन पडलं: महादेवववववव. राव आलेच नाहीत. शेजारी पाचवीची पोरं चित्रं काढत होती, त्यांचे माउसचे बाण उचकी लागल्यासारखे उड्या मारत होते.

सर शांत माणूस आहेत. ते उठले, कूलरकडे पाहिलं, आयुषकडे पाहिलं.

“हे मशीन पोट्ट्यांचं आहे का त्या बैलाचं आहे गा?”

मग अट घातली. शनिवारी पालकमेळावा होता. पालक लॅबमध्ये बसतील, हात लावून पाहतील, आणि एकाचाही बाण अडकता कामा नये. वर, त्याच दिवशी बैलाची फिल्म सगळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर एवढं विजेचं बिल खाणाऱ्या मशीनचा उपयोग काय, हे त्यांना संस्थेच्या लोकांना सांगता येणार नाही. दोन्हीपैकी एक जरी फसलं तर सोमवारी भंगारवाला येईल. हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते आज गुरुवार आहे, उद्या शुक्रवार आहे, अशा सुरात म्हटलं.

मी श्वेता मॅडमना फोन केला. मागे बाळ रडत होतं. मॅडमनी त्या रडण्यातूनच समजावलं की दोष मशीनचा नाही, ठरवणाऱ्याचा आहे.

मशीनच्या आत एक ठरवणारा असतो, त्याला शेड्युलर म्हणतात. कामं शंभर आणि डोकी बत्तीस, तर कोणतं काम कोणत्या डोक्याकडे, किती वेळ, मध्येच कोणाला उठवायचं, हे सगळं तो बघतो. घरच्या कॉम्प्युटरसमोर एक माणूस बसलेला असतो आणि तो माणूस शेड्युलरचा लाडका असतो. त्याने माउस हलवला की बाकीच्यांनी हातातलं टाकून आधी बाण हलवायचा. म्हणून तिथे पाळ्या छोट्या. थोडं याचं, थोडं त्याचं, ताटकळत कोणालाच ठेवायचं नाही. सर्वरच्या शेड्युलरला असा कोणी लाडका नसतो. त्याला फक्त इतकंच कळतं की दिवसभरात काम किती उरकलं. तिथे पाळ्या लांब. एकदा काम घेतलं की मन लावून करा, कारण काम बदलायलाही वेळ जातो. आधीच्याचा पसारा आवरा, पुढच्याचा मांडा, तोपर्यंत डोकं रिकामंच.

म्हणजे आमच्या कूलरला कंपनीतली सवय होती. त्याच्यासमोर आता वीस लाडके बसले होते आणि त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमनी सांगितलेल्या जागी जाऊन मी पाळ्या छोट्या केल्या, अगदी चिमूटभर. बाण मासोळीसारखे सुळसुळ पळायला लागले. पाचवीची पोरं खूश, मी खूश. मग आयुषचा चेहरा दिसला. त्याच्या बैलाचं काम सारखं उठ-बस करून रखडलं होतं. शुक्रवारी होणारी फिल्म आता रविवारी होईल असं मशीन सांगत होतं. पाळ्या पुन्हा लांब केल्या, तर बैल पळाला आणि बाण मेले. अर्धा तास आम्ही तेच करत होतो. आयुष म्हणाला लांब ठेव, पाचवी म्हणाली छोट्या ठेव, आणि मी घरी गेले, कारण आईला दाढ काढायला जायचं होतं आणि चक्कीवर मला बसायचं होतं.

आता चक्कीवर असं असतं. येणारं माणूस डबा खाली ठेवायच्या आधी विचारतं, काय चालू आहे. गव्हावर गहू असेल तर लगेच डबा पुढे सरकतो. चणाडाळ चालू असेल आणि हातात गहू असेल तर माणूस थांबतं, कारण दगडाला आधीचं पीठ चिकटलेलं असतं आणि ते नंतरच्यात उतरतं. धान्य बदललं की दगडातून मूठभर नवं धान्य फुकट काढायचं, ते मिसळीचं पीठ गाईच्या डब्यात जातं. उपासाचं तर सगळ्यात आधी, सकाळी, दगड साफ करून. हे मी पाळण्यात असल्यापासून पाहते आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात छोट्या पाळ्या घुसल्या होत्या.

आई गेली तेव्हा दारात डब्यांची रांग होती आणि लोक कंटाळले होते. एक काका घड्याळ पाहत होते, एक बाई दुसऱ्या बाईला सांगत होती की ही पोट्टी अजून लहान आहे, हिच्याच्यानं नाही व्हायचं. मला ते लागलं. मी जाहीर केलं की आज कोणीच ताटकळणार नाही, सगळ्यांचं एकदमच सुरू होईल. काकांचे दोन शेर गहू टाकले, ते बाहेर पडायच्या आत बाईंची थोडी ज्वारी, मग डाळ, मग पुन्हा काकांचे गहू. मध्ये मध्ये मूठ मूठ धान्य गाईच्या डब्यात काढत होते. पहिली दहा मिनिटं तर लोक फार आनंदात होते. प्रत्येकाच्या डब्यात आपलं पीठ पडताना दिसत होतं ना. माझी स्तुती झाली. कोणीतरी म्हणालं आईपेक्षा पोरगी हुशार निघाली.

त्याच आनंदात पार्वतीबाई आल्या, म्हणजे हेडसरांची आई. शेजारच्याच गल्लीत राहतात. त्यांच्याकडे भगर आणि साबुदाणा होता, उपासाच्या पिठासाठी, आणि सकाळी गुडघा दुखत होता म्हणून उशीर झाला होता. त्यांनी दोनदा विचारलं, दगड साफ आहे नं वं बाई. मी म्हटलं आजी, आत्ता करते, आणि ब्रश फिरवून, मूठभर भगर गाईला देऊन, त्यांचंही दळून टाकलं. त्या आशीर्वाद देऊन गेल्या.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. रांग पुढे सरकतच नव्हती. सगळ्यांचं थोडं थोडं झालं होतं आणि कोणाचंच पूर्ण झालं नव्हतं. गाईचा डबा मात्र काठोकाठ भरला होता. काकांनी आपलं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, त्यात पिवळं होतं. बाईंच्या ज्वारीत गहू होता. दाराशी आवाज वाढला आणि त्या आवाजातून आई आली, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

डॉक्टरांनी तिला बोलायला मनाई केली होती. माझ्या आयुष्यातलं ते मोठं नशीब. तिने डबे पाहिले, गाईचा डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात हवेत असे काही फिरवले की मला एक शब्द न बोलता पूर्ण बोलणं कळलं. मग ती कामाला लागली. गव्हाचे सगळे डबे एकामागे एक लावले आणि मोठ्या दगडावर चालू केले, मध्ये थांबणं नाही. ज्वारी त्याच्या मागे, डाळ अगदी शेवटी. आणि कोपऱ्यात आमच्या घरच्यापुरती एक छोटी घरघंटी आहे, तिच्यावरचं फडकं काढून, ज्यांचं किलो-अर्धा किलोच होतं त्या उभ्या माणसांना तिकडे वळवलं. ते लोक भराभर मोकळे होऊन घरी गेले. मोठा दगड आपल्या नादात चालत राहिला, त्याला कोणी हटकलंच नाही.

मी पापण्यांवर पीठ घेऊन उभी होते आणि माझ्या डोक्यात कूलर चालू झाला, घूंऽऽ.

आमच्याकडे एकच दगड आहे असं मी का धरून चालले होते? डोकी बत्तीस आहेत. सगळ्यांना एकच नियम कशाला? संध्याकाळी मी आईला हे अतिशय भारावून सांगितलं. तिने कापूस काढला आणि पहिलं वाक्य बोलली.

“मले काय कळते वं तुझं शेड्युलर. गर्दी हटली की गालावर बर्फ ठेवाले भेटते, म्हणून हटवली.”

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आत मी कूलरची वाटणी केली. आठ डोकी खिडक्यांना दिली, तिथे पाळ्या चिमूटभर. चोवीस डोकी बैलाला, पाळ्या लांब, आणि ज्या डोक्याने बैलाचा जो भाग घेतला तो त्याच डोक्याकडे ठेवायचा, गव्हावर गहू. मग पाचवीला बसवलं आणि आयुषला काम लावायला सांगितलं. बाण सुळसुळत होते आणि बैलही पळत होता. आयुष नाचला. तो फार वाईट नाचतो. फिल्म रात्रीपर्यंत आपोआप होणार होती.

दुपारी हेडसरांनी ऑफिसमध्ये बोलावलं. मी छाती काढून गेले. टेबलावर लॅबचं काहीच नव्हतं, एक स्टीलचा डबा होता. त्यांनी झाकण उघडून डबा माझ्याकडे सरकवला.

“हुंगून पाह्य.”

हुंगलं. भगरीचं पीठ, आणि त्याच्या मागून अगदी स्पष्ट चणाडाळ.

“माझी माय म्हणते, उपासाच्या पिठाले भज्यांचा वास येऊन राहिला,” सर म्हणाले. “चक्कीवर जे चालवलं ते उद्या पालकांवर चालवू नको बेटा.”

मला वाटलं माझा आवाज जुन्यासारखा आत जाईल. गेला नाही. मी माफी मागितली, उद्या सकाळी नवं पीठ घरपोच येईल असं सांगितलं, आणि मग, थांबायला हवं होतं तिथे न थांबता, आठ डोकी, चोवीस डोकी, घरघंटी, सगळं सांगितलं. सरांनी निम्मं ऐकलं. म्हणाले, उद्या पाहू.

शनिवारी पहाटे आईने दगड धुऊन काढावा तसा साफ केला, पहिलं दळण पार्वतीबाईंचं दळलं आणि स्वतः त्यांच्या दारात नेऊन दिलं. आता तिच्या तोंडात कापूस नव्हता, त्यामुळे दळताना, नेताना आणि परत येताना ती बोलत होती. मग तीच मेळाव्याचे तर्री-पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा ओतलेले पोहे, करायला बाकीच्या आयांबरोबर शाळेच्या मागच्या शेडमध्ये गेली आणि मी लॅबकडे गेले.

आयुष दारात उभा होता, ओशाळलेला. फिल्म रात्री पूर्ण झाली होती. पहाटे माझ्याकडून किल्ली नेऊन त्याने ती पाहिली होती, आणि त्याला दिसलं होतं की शेवटच्या भागात बैलाच्या डोळ्यांत काजळ नाही. म्हणून त्याने काजळ घातलं होतं. म्हणजे शेवटचा सगळा भाग पुन्हा बनवायला लावला होता, आणि शेवटी तर बैल अख्ख्या स्क्रीनभर होता, रेघन् रेघ.

मी त्याला विचारलं की काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत त्याच्या डोक्याला झालं काय होतं.

“बिना काजळाचा बैल पोळ्याले नेते का कोणी?” तो म्हणाला.

जुनी फिल्म पुसली गेली होती. हिशेब केला, चोवीस डोकी मिळत राहिली तर कार्यक्रमाच्या आधी होत होतं. जेमतेम.

पालक आले ते लोंढ्याने. मला वाटलं होतं दोघं-चौघं भीत भीत बसतील. पण खापरखेड्याहून एकाची सगळी मावसभावंडं आली होती, आजोबा आले होते, आणि वीसच्या वीस खुर्च्या भरून मागे रांग लागली. पाचवीची पोरं आज्यांना चित्र काढायला शिकवत होती. आज्यांना सगळ्यात मोठा ब्रश सापडला होता आणि त्या पूर्ण स्क्रीन रंगवून काढत होत्या. एका आजोबांनी तीन गोष्टी एकदम उघडल्या. पार्वतीबाईही एका खुर्चीवर बसून माउस पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा फिरवत होत्या. माझ्या स्क्रीनवर दिसत होतं, आठही डोक्यांना धाप लागली होती. मग कोपऱ्यातल्या एका बाणाने उचकी दिली. लहान होती, तिथे बसलेल्या बाईंच्या लक्षात आली नाही. पण दारात हेडसर उभे होते.

मी बैलाची चार डोकी काढून खिडक्यांना दिली. उचकी थांबली. थोड्या वेळाने पुन्हा लागली, पुन्हा चार दिली. मग आणखी. आयुष माझ्या खांद्यावरून पाहत होता आणि दर वेळी त्याचा श्वास ऐकू येत होता. बैलाकडे आता बारा डोकी उरली होती आणि मशीन सांगत होतं की फिल्म रात्री होईल, म्हणजे लोक घरी जाऊन जेवून झोपायला लागल्यावर. माणसांकडून डोकी काढली तर बाण अडकणार. बैलाकडून काढली तर फिल्म नाही. दोन्हीकडून भंगारवालाच दिसत होता.

तेवढ्यात शेडकडून तर्रीचा वास आला. खऱ्या खिडकीजवळच्या आजोबांनी माउस सोडून मान वर केली. शेजारच्या काकूंनीही केली. माझ्या स्क्रीनवर खिडक्यांची दोन डोकी तेवढ्यापुरती रिकामी झालेली दिसली.

मी आयुषला म्हटलं इथून हलू नको, आणि धावत सुटले.

शेडमध्ये आई मोठ्या गंजात पळी फिरवत होती. मी म्हटलं पोहे आत्ताच्या आत्ता वाढ. तिने सांगितलं की नाश्ता भाषणानंतर आहे, आणि तर्रीला अजून रंगही चढला नाही.

“काहून वं, इतकी भूक कोणाले लागली?”

“बैलाले,” मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला परवाचा गाईचा डबा आठवला असेल. पण मग तिने पळी उचलली आणि गंजाच्या झाकणावर अशी हाणली की आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला, आणि तिच्या त्या चक्कीवरच्या, मोटारीच्या वर ऐकू जाणाऱ्या आवाजात पोहे तयार असल्याचं सांगितलं.

मी परत पोचले तेव्हा लॅबच्या दारातून माणसं बाहेर पडत होती, आज्या सगळ्यात पुढे. रांग जशीच्या तशी उठून शेडकडे गेली. एकामागे एक खिडक्या शांत झाल्या. मी धापा टाकत खुर्चीवर बसले आणि मोकळं झालेलं एकेक डोकं बैलाकडे पाठवायला लागले. वीस. चोवीस. अठ्ठावीस.

आणि एक खिडकी चालूच होती.

हेडसर रिकाम्या लॅबमध्ये एकटेच एका स्क्रीनसमोर बसले होते. त्यांचा शनिवारचा उपास. पोह्यांच्या वासाकडे पाठ करून ते आपलं भाषण टाइप करत होते, त्याच एका बोटाने. एक अक्षर दाबायचे, चष्म्यावरून स्क्रीन पाहायचे, अक्षर आलेलं असायचं, मग दुसरं.

मी त्यांच्यासाठी एक डोकं बाजूला ठेवलं, चिमूटभर पाळ्यांचं, आणि उरलेली एकतीस बैलाला दिली. कूलरचा आवाज असा चढला की मे महिना आठवावा. सरांनी मान वळवली.

“आज बरं चालून राहिलं हे,” ते म्हणाले. “त्या बैलाचं बंद ठेवलं का?”

हो म्हणणं सोपं होतं. आयुष मागून माझ्या खुर्चीला पाय लावत होता, म्हणजे हो म्हण.

“नाही सर. आत्ता सगळ्यात जोरात चालू आहे. एकतीस डोकी त्याच्याकडे आहेत.”

“अन् माझ्याकडे?”

“एक.”

सरांनी चष्मा काढला. “अख्ख्या शाळेचा हेडमास्तर बसला आहे इथं, अन् मले एकच?”

“सर, तुम्ही बोटही एकच वापरता ना.”

आयुषने पाय मागे घेतला. मला वाटलं, गेली, किल्ली गेली, आणि ती या नव्या आवाजामुळेच गेली. सरांनी आपल्या त्या बोटाकडे पाहिलं, उलट करून पाहिलं, सुलट करून पाहिलं. मग त्यांच्या पोटापासून काहीतरी हलायला लागलं. हेडसरांना हसताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. आवाज येत नाही त्यांच्या हसण्याला, फक्त खुर्ची वाजते.

त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि म्हणाले, ठीक आहे, मग मला एक पुरते. आणि मुद्दाम, मला दाखवायला, दुसऱ्या हाताचंही एक बोट काढलं. अक्षरं आली. अडकली नाहीत.

पार्वतीबाई स्टीलचा डबा घेऊन आल्या तेव्हा फिल्म किती झाली ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी शेवटाला टेकत होती. डब्यात नव्या पिठाचं थालीपीठ होतं. त्यांनी ते सरांसमोर ठेवायच्या आधी माझ्या नाकाखाली धरलं आणि मी हुंगून होकार दिल्यावरच मुलाच्या हातात दिलं. सर एका हाताने खात, एका बोटाने टाइप करत राहिले. लोक पोहे संपवून हात पुसत परत येत होते तेव्हा आयुषने माझा दंड इतका जोरात दाबला की आज रविवार, अजून निळा आहे.

फिल्म मैदानात पांढऱ्या चादरीवर दाखवली. बैल दुकानातून निसटला, लकडगंजातल्या ओंडक्यांवरून उड्या मारत, ट्रकच्या खालून, भाजीवाल्यांच्या मधून गडगडत गेला. पालकांमधले आरामशिनीवाले काका आपला बोर्ड दिसल्यावर उभेच राहिले आणि मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. शेवटी एका घराच्या पायरीवर एक पोरगी नुसती दोरी घेऊन बसली होती, दोरीला बैल नव्हता. तो तिच्यासमोर येऊन थांबला. अख्ख्या चादरीवर त्याचा चेहरा, एकेक रेघ, आणि डोळ्यांत काजळ. मग माझ्या मागून आईचा आवाज आला, तिच्या मते हळू, म्हणजे निम्म्या मैदानाला ऐकू गेला, की काजळ मस्त घातलं हो पोराने. आयुषने माझ्याकडे असं पाहिलं की काजळाचं सगळं मी त्याला माफ केलं.

लोक गेल्यावर मी लॅबला कुलूप लावत होते. हेडसर आले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. गळ्यातली दोरी काढून मी किल्ली दिली. त्यांनी कुलूप पुन्हा उघडलं, आत जाऊन मागच्या भिंतीकडे पाहत उभे राहिले. तिथे मोडक्या बाकांचा ढीग आहे, मी शाळेत आल्यापासून.

म्हणाले, भंगारवाल्याला सोमवारचं सांगितलंच आहे, आता उगाच नाही कशाला म्हणायचं. तो हे बाक घेऊन जाईल. मग किल्ली माझ्या हातात परत ठेवली.

“एवढ्या जागेत अजून दहा खिडक्या बसतीन का गा भूमिका? चालवशील?”

सर मला गा म्हणाले, ते तर मुलग्यांना म्हणतात, पण त्या क्षणी ते मला शाबासकीसारखंच वाटलं.

“बसतील सर,” मी म्हटलं. “फक्त पोहे जास्त करावे लागतील.”